हाउंड जातीचा कुत्रा घरी आणताय? ठाणे-नवी मुंबईतल्या घरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हाउंड म्हणजे नेमका कोणता कुत्रा?

हाउंड ही एक जात नाही. शिकारीत माणसाच्या पुढे जाऊन सावज शोधणाऱ्या किंवा पळून गाठणाऱ्या कुत्र्यांचं ते कामावरून पडलेलं नाव आहे. त्यांची दोन घराणी आहेत. कारवान, मुधोळ, रामपूर, ग्रेहाउंड, सालुकी, अफगाण हे नजरेवर चालणारे. बीगल, बॅसेट, डॅशहंड हे नाकावर चालणारे. डॅशहंडला काही देशांत वेगळ्या गटात धरतात, पण घरात वागतो तो नाकवाल्यांसारखाच.

कुत्रा निवडताना रंग आणि उंचीआधी हा फरक बघा. नजरवाला घरात शांत पडून राहतो, आणि बाहेर काही हललं की क्षणात सुटतो. नाकवाला घरात सतत उद्योगी असतो, आणि बाहेर जमिनीला नाक लावलं की त्याला तुमची हाक ऐकूच येत नाही.

हाउंड हट्टी असतात, ऐकत नाहीत, हे खरं का?

त्याला हट्ट म्हणणं अन्यायाचं आहे. जर्मन शेफर्ड किंवा लॅब्रेडॉर माणसाच्या इशाऱ्यावर काम करण्यासाठी घडवले गेले, म्हणून ते दर दोन मिनिटांनी तुमच्या तोंडाकडे बघतात. हाउंडचं काम मालकापासून दोन शेतं पलीकडे चालायचं. ससा डावीकडे वळला तर काय करायचं, हे तिथे त्यालाच ठरवावं लागायचं. पिढ्यान्‌पिढ्या स्वतः निर्णय घेणारेच कुत्रे पुढच्या पैदाशीसाठी निवडले गेले. तो स्वभाव घोडबंदर रोडच्या टू बीएचकेमध्ये आल्यावर बदलत नाही.

हाउंड शिकतात, पण ओरडून नाही. मारल्यावर कारवान महिनोन्‌महिने तुमच्यापासून दोन हात लांब राहील. उकडलेल्या चिकनचा वाटाण्याएवढा तुकडा, पाच मिनिटांचा सराव, दिवसातून तीनदा, एवढ्यावर बरंच काही शिकवता येतं.

मुधोळ आणि कारवान एकच की वेगळे?

मूळ एकच. दख्खनच्या पठारावर, म्हणजे पश्चिम महाराष्ट्र, मराठवाडा आणि उत्तर कर्नाटकात, हा कुत्रा पिढ्यान्‌पिढ्या आहे. आपल्याकडे त्याला कारवान किंवा कारवानी म्हणतात. मुधोळ संस्थानचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी ही पैदास नेटाने जोपासली, त्यावरून मुधोळ हाउंड हे नाव पडलं. मुधोळ आज कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यात आहे आणि जवळच तिम्मापूरला या कुत्र्यांचं संशोधन केंद्र आहे. २००५ साली टपाल खात्याने चार देशी जातींची तिकिटं काढली, त्यात मुधोळ होता. अंगावर, कानांवर आणि शेपटीला लांब रेशमी केस असलेल्याला पश्मी म्हणतात.

नर खांद्यापाशी साधारण ६५ ते ७२ सेंटिमीटर, वजन २० ते २८ किलो, माद्या थोड्या लहान. पाय लांब, छाती खोल, पोट आत गेलेलं. आयुष्य १० ते १४ वर्षं.

कारवान लहान मुलांच्या घरात चालेल का?

मुलं सात-आठ वर्षांच्या पुढची असतील आणि शिकवलेलं ऐकत असतील, तर चालेल. त्याखालची असतील तर आमचा सल्ला थांबण्याचा आहे.

कारवान आक्रमक नाही, पण त्याला अंगचटीला आलेलं आवडत नाही. परक्या माणसाने डोक्यावरून हात फिरवायला जाणं, मागून येऊन मिठी मारणं, झोपेत उठवणं या तीन गोष्टी त्याला खपत नाहीत. बरेच नजरवाले हाउंड अर्धवट उघड्या डोळ्यांनी झोपतात. मुलाला तो जागा वाटतं, मूल जाऊन अंगावर पडतं आणि कुत्रा दचकून दात लावतो. यात दुष्टपणा नसतो, पण टाके पडतात. त्यामुळे त्याची गादी येण्याजाण्याच्या वाटेवर नको, कोपऱ्यात हवी. आणि गादीवर असताना त्याला कोणी हात लावायचा नाही, हा नियम आजी-आजोबांपासून पाहुण्यांपर्यंत सगळ्यांना.

घरच्यांवर मात्र त्याचा जीव असतो. तो लाडीगोडी करत नाही. तुम्ही ज्या खोलीत जाल तिथे येऊन भिंतीला पाठ लावून बसतो.

त्याला पट्टा कोणता लावायचा?

साधा गळपट्टा नको. कारवान, ग्रेहाउंड यांची मान डोक्याइतकीच किंवा डोक्याहून जाड असते. मागे रेटा दिला की पट्टा कानांवरून सटकतो. चार-पाच सेंटिमीटर रुंदीची मार्टिंगेल कॉलर घ्या. ती कुत्र्याने ओढल्यावरच आवळते, तीही ठरावीक मापापर्यंत. पूर्ण आवळल्यावर तिच्या दोन कड्यांमध्ये दोन बोटांची फट राहायला हवी. कड्या एकमेकींना टेकत असतील तर कॉलर सैल आहे.

नवीन किंवा घाबरट कुत्र्याला सोबत हार्नेसही घाला. एक पट्टा छातीवर आणि दुसरा बरगड्यांच्या मागे, कमरेच्या अलीकडे असलेला. त्यातून मागे सरकून निघणं त्याला जमत नाही. गुंडाळणारी दोरी, म्हणजे बटण दाबल्यावर लांब होणारी, हाउंडला कधीच नको. २५ किलोचा कुत्रा पाच मीटर वेग घेऊन शेवटी झटका देतो तेव्हा हँडल हातातून निसटतं, आणि तेच हँडल खडखडत मागे येतंय म्हणून तो आणखी घाबरून पळतो.

संध्याकाळी मैदानात मोकळं सोडलं तर?

नाही. या पानावरची एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल तर हीच ठेवा.

काय घडतं ते जवळून बघा. कारवान सर्व्हिस रोडवर तुमच्या शेजारी सैल पट्ट्यात चाललेला असतो. शंभर मीटरवर मांजर रस्ता ओलांडते. त्याची मान वर जाते, कान मागे मिटतात, शेपूट हलायची थांबते, पुढचा एक पाय किंचित उचलला जातो. हे सगळं एक-दोन सेकंदांत होतं. पट्टा हातात असेल तर तेवढ्यात तुम्ही त्याला अर्धवर्तुळात वळवून नजर तोडू शकता. हातात पट्टा नसेल तर तो गेला. हे कुत्रे थोड्या अंतरासाठी गाडीच्या वेगाने पळतात, आणि त्या वेळी त्यांना डंपर दिसत नाही.

येऊरच्या पायथ्याला, कासारवडवलीकडच्या जंगलाला लागून असलेल्या सोसायट्यांत किंवा उपवनच्या पलीकडे आणखी एक धोका आहे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातले बिबटे कुत्र्यांची शिकार करतात. अंधार पडल्यावर आणि पहाटे उजाडण्याआधी त्या बाजूला कुत्रा नेऊ नका, पट्ट्यावरही. नेरुळ-सीवूड्सच्या पाणथळ जागांवर फ्लेमिंगो उतरतात तेव्हा तिथेही कुत्रा नको. एक हाउंड अख्खा थवा उठवतो.

पळवायचं असेल तर चारी बाजूंनी बंद जागा शोधा. सोसायटीचं टेनिस कोर्ट सकाळी सहाला अर्धा तास मिळालं तर सोन्याहून पिवळं. कुंपण सहा फुटांचं हवं, चार फुटांवरून कारवान सहज जातो. तेही जमलं नाही तर १० मीटरची लांब दोरी, हार्नेसला लावलेली, गळ्याला नाही. आणि कुठल्याही गावात ससे मारायला कुत्रे सोडत असतील तर त्यात आपला कुत्रा उतरवू नका. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे तो गुन्हा आहे.

पहिल्यांदाच कुत्रा पाळतोय, फ्लॅट आहे, घरात दोन लहान मुलं आहेत. कोणता हाउंड घ्यावा?

बीगल, पण खालची दोन उत्तरं वाचूनच. बीगल झुंडीने काम करणारा कुत्रा आहे. त्याला माणसं, मुलं, दुसरी कुत्री सगळे हवे असतात. परक्यावर चिडणं त्याच्या स्वभावात फारसं नाही, त्यामुळे राखणीला तो निरुपयोगी आहे. वजन ९ ते १४ किलो, उंची ३३ ते ४१ सेंटिमीटर, म्हणजे रिक्षात मांडीवर बसतो.

मुलांच्या हातातलं खाणं मात्र त्याच्या तोंडाच्या उंचीवरच येतं. मुलं खाताना बीगल दुसऱ्या खोलीत, आणि बीगल खाताना मुलं दुसऱ्या खोलीत.

आमचा बीगल सारखा भुकेला असतो. किती खायला द्यायचं?

तो भुकेला नसतो, खादाड असतो. १० किलोच्या नसबंदी झालेल्या मोठ्या बीगलला दिवसाला साधारण ६०० ते ६५० कॅलरी पुरतात. एका ग्लुकोज बिस्किटात २० ते २५ कॅलरी असतात. आजोबा सकाळ-संध्याकाळच्या चहाबरोबर तीन-तीन बिस्किटं देत असतील, तर दिवसाच्या खाण्याचा जवळजवळ चौथा हिस्सा तिथेच संपला. वर चीजचा क्यूब दिलात की आणखी ७५. बीगल जाड होतो तो मोठ्या जेवणाने नाही, घरातल्या चार प्रेमळ हातांनी.

उपाय सोपा आहे. सकाळी दिवसभराचं सुकं खाणं मोजून एका डब्यात काढा. ज्याला लाड करायचे त्याने त्याच डब्यातून द्यायचं. डबा रिकामा झाला की दिवस संपला. बरगड्यांवर बोटं फिरवा. पातळ चादरीखाली पेन्सिली ठेवल्यासारख्या त्या हाताला लागायला हव्यात. दाबून शोधाव्या लागत असतील तर खाणं दहा टक्के कमी करा आणि दोन आठवड्यांनी वजन करा.

कचऱ्याची बादली झाकणाची आणि वजनदार हवी. द्राक्षं, मनुका, बेदाणे, कांदा-लसूण, चॉकलेट, साखरेऐवजी झायलिटॉल घातलेलं च्युइंगम हे कुत्र्याला विषारी आहे. बेदाणे घातलेला शिरा हे आपल्या घरांत नेहमी विसरलं जाणारं उदाहरण.

दोघंही नोकरीला जातो. कुत्रा दिवसभर हेल काढून रडतो, शेजारी तक्रार करतात. काय करावं?

बीगल आणि बॅसेट यांचा आवाज मुळात लांबवर पोचण्यासाठीच आहे. शिकारीत मागे राहिलेल्या माणसाला माग कुठे चाललाय ते कळावं म्हणून. काँक्रीटच्या डक्टमधून तो सहज सहा मजले चढतो.

सकाळी ८ची लोकल पकडून रात्री ८ला परतणाऱ्या घराने बीगल घेऊ नये, हे स्पष्टच सांगतो. मोठा कुत्रा चार-पाच तास एकटा राहू शकतो. पिल्लाला तर जितके महिने वय, त्यात एक मिळवून तितकेच तास. तेवढ्या वेळात कोणीतरी घरी यायला हवं: फिरवायला येणारा माणूस, शेजारी, नात्यातलं कोणी.

एकटं राहणं शिकवावं लागतं. आधी फक्त किल्ल्या उचला आणि परत ठेवा. कुत्रा उठून बसला नाही तर पुढची पायरी: चपला घाला, काढा. मग दार उघडा, बंद करा. मग बाहेर पाच सेकंद, दहा, तीस, एक मिनिट. पहिल्या अर्ध्या तासापर्यंत पोचायला दोन-तीन आठवडे लागतात, कारण रडणं बहुतेक वेळा पहिल्या अर्ध्या तासातच सुरू होतं. तो रडायला लागला म्हणजे तुम्ही घाई केली. एक पायरी मागे या. जुना मोबाइल रेकॉर्डिंगला लावून ठेवा, म्हणजे अंदाजावर चालावं लागणार नाही.

जाण्याआधी २० मिनिटं नाकाचं काम द्या. जुना टॉवेल पसरा, त्यावर सुक्या खाण्याचे वीस-पंचवीस दाणे टाका, टॉवेल गुंडाळा आणि सैल गाठ मारा. पहिल्या दिवशी गाठ न मारता, नाहीतर तो टॉवेलच फाडेल. वीस मिनिटं हुंगून शोधलं की बीगल जितका दमतो, तितका तासभर चालूनही दमत नाही.

डॅशहंडची पाठ जाते म्हणतात. टाळता येतं का?

पूर्ण टाळता येत नाही, धोका कमी करता येतो. डॅशहंडचे पाय आखूड आहेत ते एका जनुकीय दोषामुळे, आणि त्याच दोषाने त्याच्या मणक्यांमधल्या चकत्या लहान वयातच कडक होतात. एक उडी चुकली की चकती सरकून मज्जारज्जूवर दाब येतो. तीन ते सात वर्षं हे वय सर्वांत जोखमीचं.

आपल्या घरांत दोन गोष्टी हे वाढवतात: गुळगुळीत व्हिट्रिफाइड फरशी आणि सोफा. कुत्रा जिथून धावत वळतो, म्हणजे दारापासून हॉलपर्यंत आणि जेवणाच्या भांड्यापाशी, तिथे मागे रबर असलेल्या चटया घाला. सोफा ४५ सेंटिमीटर उंच असेल तर रॅम्प निदान सव्वा मीटर लांब हवा. त्याहून आखूड केलात तर चढ इतका तीव्र होतो की कुत्रा बाजूने उडी मारतो. उचलताना एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली, पाठ आडवी सरळ. काखेत धरून लोंबकळवणं बंद.

पाठ कमानीसारखी करणं, उचलताना केकाटणं, चालताना मागचे पाय एकमेकांत अडकणं, ही लक्षणं दिसली की त्याच दिवशी डॉक्टर. मागचे पाय ओढत असेल तर त्याच तासाला. परळच्या बैलघोडा हॉस्पिटलपर्यंत न्यायचं ठरलं तर फळीवर किंवा घट्ट पुठ्ठ्यावर आडवं ठेवून न्या. आणि घरातली दुखण्याची गोळी देऊ नका. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक कुत्र्याच्या जठराला आणि मूत्रपिंडाला घातक आहेत, आणि नंतर डॉक्टरला द्यायच्या औषधांचाही मार्ग बंद करतात.

स्वभाव? धीट, चिवट, एका माणसाचा. बिळात शिरून बिज्जूशी झुंजण्यासाठी घडवलेला कुत्रा आहे, आकाराने लहान म्हणून खेळणं समजू नका. मुलाने शेपूट ओढली तर तो सांगून चावतो.

बॅसेट हाउंड आळशी असतो, फ्लॅटला बरा ना?

स्वभावाने हाउंडांमधला सर्वांत सोशिक. अडचण वजनाची आहे. २० ते ३० किलोचा, आखूड पायांचा कुत्रा. लिफ्ट बंद पडली की चौदाव्या मजल्यावरून त्याला कोण उतरवणार? जिने त्याच्या पाठीला आणि कोपरांना वाईट. शिवाय त्याचे लांब कान पाण्याच्या भांड्यात बुडतात आणि आपल्या दमट हवेत आतून कायम ओले राहतात. आठवड्यातून दोनदा डॉक्टरने दिलेल्या द्रावणाने कान साफ करणं आणि कातडीच्या घड्या कोरड्या पुसणं जमणार असेल तरच घ्या. पहिल्या-दुसऱ्या मजल्यावरच्या घराला तो छान.

अफगाण, सालुकी, सायबेरियन हस्की?

हस्की हाउंड नाही आणि इथल्या हवेत त्याला आणूही नये. अफगाणचे केस दमट हवेत आठवड्यात गुंता होतात, रोज पाऊण तास विंचरायला असेल तरच विचार करा. सालुकी इथे क्वचितच मिळतो. स्वभाव आणि गरजा कारवानसारख्या, मग कारवानच का नको?

राजापालयम, चिप्पीपराई, कन्नी कसे?

तिन्ही तमिळनाडूचे. चिप्पीपराई आणि कन्नी कारवानसारखेच सडपातळ, त्यातला कन्नी जास्त लाजाळू. राजापालयम पांढरा, गुलाबी नाकाचा, अंगाने भारदस्त आणि राखणदार वृत्तीचा. तो परक्याला सहज घरात घेत नाही, त्यामुळे रोज डिलिव्हरीवाले येणाऱ्या घरात अवघड जातो. या जातीत जन्मतः बहिरेपणा आढळतो. पिल्लू घेताना ते झोपलेलं असताना मागून, त्याला हवा लागणार नाही इतक्या अंतरावर टाळी वाजवा. भावंडांपासून वेगळं करून प्रत्येकाची परीक्षा करा, नाहीतर एक दचकलं की बाकीचे त्याच्या हालचालीने उठतात आणि बहिरं पिल्लू लपून जातं.

बरगड्या दिसतात म्हणून लोक म्हणतात उपाशी ठेवता. खरंच बारीक आहे का?

नजरवाल्या हाउंडच्या शेवटच्या दोन-तीन बरगड्या आणि कमरेची हाडं दिसणं निरोगीपणाचं लक्षण आहे. लिफ्टमधल्या शेरेबाजीसाठी त्याला जाड करू नका, सांधे बिघडतात. मणके वरून मोजता येत असतील किंवा मांड्यांचे स्नायू गेले असतील तर मात्र जंत आणि रक्त तपासा.

२५ किलोच्या कारवानला रोज १२०० ते १४०० कॅलरी, दोन जेवणांत विभागून. छाती खोल असलेल्या कुत्र्यांत जेवणानंतर पळालं की पोट फुगून पीळ पडण्याचा धोका असतो. जेवणाआधी एक तास आणि नंतर दोन तास पळापळ नाही. पोट नगाऱ्यासारखं, ओकायला बघतो पण काही पडत नाही, अस्वस्थ फेऱ्या, असं दिसलं की रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा. काही तासांत जीव जातो.

उन्हाळ्यात कधी फिरवायचं?

सकाळी सातच्या आत, संध्याकाळी साडेसातनंतर. पेव्हर ब्लॉकवर हाताची मागची बाजू सात सेकंद ठेवा. ठेववत नसेल तर त्याचे तळवेही भाजतात. कारवान दख्खनच्या उन्हाला सरावलेला आहे म्हणून लोक निर्धास्त राहतात, पण ते ऊन कोरडं असतं. कुत्रा धापा टाकून अंग थंड करतो. खाडीकाठच्या दमट हवेत ती वाफ उडत नाही, म्हणून सोलापूरला ३८ अंशांत ठीक असलेला कुत्रा इथे ३४ अंशांतही गळून जातो.

उष्माघाताची शंका आली तर साधं पाणी पोटावर, जांघेत, तळव्यांवर ओता आणि पंखा लावा. बर्फ नको. नेहमीचं तापमान ३८ ते ३९.२ अंश सेल्सियस. ३९.५ला आलं की पाणी थांबवा आणि डॉक्टरकडे न्या, तो उठून चालायला लागला तरीही.

पावसाळ्यात काय सांभाळायचं?

लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस हा आजार. तो उंदरांच्या लघवीतून साचलेल्या पाण्यात येतो आणि कुत्र्यातून माणसातही जातो. नाकवाले हाउंड प्रत्येक डबक्यात नाक घालतात, म्हणून त्यांना धोका जास्त. त्याच्या लसीचे पहिल्या वेळी दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस, मग दरवर्षी; मे संपायच्या आत उरकून घ्या. गोचीड कानांच्या घडीत, बोटांच्या मध्ये आणि शेपटीखाली शोधा. गोचीड तापात हिरड्या फिक्या पडतात, लघवी गडद होते, कुत्रा खाणं सोडतो.

घरात मांजर आहे, पोपट आहे. हाउंड चालेल?

बीगल पिल्लू असल्यापासून मांजरीबरोबर वाढलं तर बहुधा चालेल. कारवान घरच्या मांजरीला सांभाळून घेतो आणि तीच मांजर सोसायटीच्या आवारात पळताना दिसली तर शिकार समजतो. पक्षी, ससा, हॅम्स्टर असलेल्या घरात हाउंड नको.

बाल्कनीत ठेवलं तर चालेल?

एकटं कधीच नाही. कबुतर कठड्यावर बसतं, हाउंड झेप घेतो, आणि कठडा चार फुटांचा असतो. आपण जी नायलॉनची कबुतर-जाळी लावतो ती पक्षी अडवायला असते, २५ किलोचा धक्का सोसायला नाही. कडेचे हुक उन्हाने ठिसूळ झालेले असतात. लोखंडी ग्रिल असेल तरच बाल्कनीचं दार उघडं ठेवा. स्लायडिंग खिडकीखालचा दिवाणही हलवा.

नसबंदीच्या वेळी भूल देणं धोक्याचं असतं का?

नजरवाल्या हाउंडच्या अंगात चरबी फार कमी असते आणि थायोपेंटोनसारखी जुनी भूल त्यांच्या शरीरातून फार हळू उतरते. डॉक्टरला आधीच सांगा की हा कारवान आहे, आणि दोन प्रश्न विचारा: भूल कोणती देणार, आणि गॅसची भूल आहे का? कुत्र्याचं वजन त्याच दिवशी काट्यावर झालं पाहिजे, अंदाजाने नाही. शुद्धीवर येताना अंग थंड पडतं, म्हणून पांघरूण घेऊन जा. रक्त तपासणीचा कागद बघून कोणी थायरॉइडची गोळी सुरू करत असेल तर थांबा. ग्रेहाउंडसारख्या जातींत हे आकडे मुळातच कमी असतात.

सोसायटी म्हणते कुत्रा ठेवायचा नाही, लिफ्ट वापरायची नाही. मग?

भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटी बहुमताच्या ठरावानेही पाळीव कुत्र्यावर बंदी घालू शकत नाही आणि लिफ्टही नाकारू शकत नाही. पण आपली बाजू कागदावर भक्कम हवी: रेबीजच्या लसीचा दाखला आणि महापालिकेचा परवाना. ठाण्यात ठाणे महापालिका, वाशी ते बेलापूर पट्ट्यात नवी मुंबई महापालिका. खारघर, कामोठे, कळंबोली मात्र पनवेल महापालिकेत येतात, तिथले लोक नेहमी चुकीच्या ऑफिसात जातात. विष्ठा उचलायची पिशवी रोज खिशात ठेवा. कायद्यापेक्षा तिच्यामुळे भांडणं जास्त मिटतात.

गणपती आणि दिवाळीत काय करायचं?

विसर्जनाच्या दिवशी ढोल सुरू व्हायच्या आत आणि दिवाळीत संध्याकाळी सहाच्या आत फिरवून आणा. बाहेर असताना दोन पट्टे: कॉलरला एक, हार्नेसला एक. घरात आतली खोली, खिडक्या बंद, पंखा आणि टीव्ही चालू. फार घाबरणाऱ्यासाठी औषध असतं, पण ते पंधरा दिवस आधी डॉक्टरशी बोलून आणि एकदा करून बघून. फक्त गुंगी आणणारी गोळी मागू नका. तिने शरीर हलत नाही, भीती तशीच राहते.

पिल्लू कुठून घ्यावं?

२०१७च्या श्वान पैदास नियमांनुसार पैदास करणाऱ्याची राज्य जीवजंतू कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते, आणि आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही. रस्त्यात गाडीच्या डिकीतून किंवा स्टेशनबाहेर पिल्लू देणाऱ्याकडून घेऊ नका. आई बघायला मागा. ती माणसाला बघून कोपऱ्यात दडत असेल तर पिल्लूही भित्रं निघण्याची शक्यता मोठी, आणि कारवानात भित्रेपणा हा चावरेपणापेक्षा जास्त त्रास देतो. दोन-तीन वर्षांचा, घर सुटलेला हाउंड दत्तक घेणं आम्हाला बहुतेक घरांसाठी जास्त शहाणपणाचं वाटतं. त्याचा स्वभाव तुमच्यासमोर उघड असतो.

हातातून सुटून पळाला. पहिल्या तासात काय करायचं?

पाठलाग करू नका. नजरवाला हाउंड मागे पावलं ऐकली की आणखी लांब जातो. एकाने सुटला त्याच जागेवर थांबायचं, कारण बरेचसे कुत्रे पहिल्या काही तासांत तिथेच परततात. दुसऱ्याने घरून त्याची गादी आणि तुमचा न धुतलेला शर्ट आणून तिथे ठेवायचा. तिसऱ्याने आजूबाजूच्या सोसायट्यांच्या वॉचमनना, टपरीवाल्यांना, रिक्षा स्टँडवर फोटो दाखवायचा आणि एवढंच सांगायचं: पकडू नका, फोन करा. गळ्यातल्या बिल्ल्यावर नावाऐवजी दोन मोबाइल नंबर कोरलेले असले तर काम अर्धं होतं. डॉक्टरकडून मायक्रोचिप बसवून घेतलेली असेल तर तो नंबर जवळच्या दवाखान्यांना कळवा.

दिसला की हाका मारत धावू नका. थांबा, त्याच्याकडे अर्धी पाठ करून जमिनीवर बसा, पिशवीतलं खाणं कुरकुरत काढा आणि एक-एक तुकडा आपल्यापासून दूर, मग जवळ टाकत राहा. यात वीस मिनिटंही जातात. तो हाताशी आला तरी गळ्यावर झडप घालू नका. एका हाताने तुकडा तोंडापाशी धरून ठेवा, दुसरा हात हनुवटीखालून कॉलरपर्यंत न्या, आणि दोन्ही पट्टे लागल्याशिवाय उभे राहू नका.